गुरुवारी सुरू झालेली प्रार्थना

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी संध्याकाळी घरमालकीण मावशी चर्चमधून परतल्या, तेव्हा त्यांच्या कपाळावर राखेचा क्रूस होता. मी अंगणात वाळत घातलेले कपडे काढत होते. "मावशी, हे काय?" असं विचारलं, तर म्हणाल्या, "आज राखेचा बुधवार. आता ईस्टरपर्यंत आमचे उपास." राख कसली, तर गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी घरोघरी नेलेल्या झावळ्यांची. त्या वर्षभर क्रूसामागे, फोटोमागे खोचून ठेवतात, मग चर्चमध्ये परत देतात आणि तिथे त्या जाळतात. काकांनी त्या दिवसापासून संध्याकाळचा पेला बंद केला. मावशींनी मासे-मटण सोडलं. त्यांच्या नातीने चॉकलेट सोडलं, आणि वाचलेले पैसे पुठ्ठ्याच्या डबीत टाकायला लागली. चाळीस दिवसांचा उपास, पण त्यात रविवार मोजायचे नाहीत, कारण रविवार हा येशूच्या पुन्हा उठण्याचा वार. एकादशी-चतुर्थीच्या हिशेबात वाढलेल्या मला हे गणित समजून घ्यायलाच दोन-तीन संध्याकाळी लागल्या.

मी नाशिकची. बँकेतल्या बदलीमुळे विरारला आले आणि नंदाखालच्या एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. वसईच्या पश्चिमेचा हा पट्टा मला आधी ठाऊक होता तो फक्त केळी आणि भाजीमुळे. इथे राहायला आल्यावर दिसल्या त्या वाड्या, नारळी-पोफळींच्या सावलीतली बावखलं, म्हणजे तळी, आणि गल्लीच्या दर वळणावर पांढऱ्या चुन्यातला क्रूस, त्याच्यापुढे संध्याकाळी पेटलेली मेणबत्ती. घरात मावशी, काका, त्यांचा मुलगा, सून, जिला मी वहिनी म्हणते, आणि नात. आपापसात ते कादोडी बोलत, ती मला निम्मीच कळे. माझ्याशी बोलताना मराठी. मुलगा रोज पहाटेची लोकल धरून मुंबईला जाई, म्हणून चर्चचं बरंचसं मला सांगितलं ते काकांनी आणि नातीने.

शाखेत त्या वर्षीच्या, म्हणजे २०२३च्या, एप्रिलची चर्चा आधीपासून सुरू होती. शुक्रवारी गुड फ्रायडेची सुट्टी, शनिवार महिन्यातला दुसरा म्हणून बंद, पुढे रविवार. कोणी अलिबाग ठरवत होतं, कोणी महाबळेश्वर. मीही नाशिकला जाणार होते. मावशींना सांगितलं तर त्या भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "जा की. पण एकदा आमच्याबरोबर राहून बघ. नुसती सुट्टी नाही ती." आईला फोन करून सांगितलं की येत नाही.

ईस्टर दर वर्षी वेगळ्या तारखेला का येतो, हे काकांनी मला भिंतीवरच्या कालनिर्णयवर बोट ठेवून दाखवलं. एकवीस मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा धरायची, आणि तिच्या पुढचा रविवार. त्यामुळे बावीस मार्च ते पंचवीस एप्रिल यांच्या मध्ये तो कुठेही येतो. त्या वर्षी पौर्णिमा सहा एप्रिलला, गुरुवारी. म्हणजे हनुमान जयंती आणि येशूच्या शेवटच्या भोजनाचा पवित्र गुरुवार एकाच दिवशी. काकांना यात नवल असं काहीच वाटत नव्हतं. येशूने शिष्यांबरोबर घेतलेलं ते भोजन ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या दिवसांतलं, आणि तो सण पौर्णिमेचा. "चंद्र एकच आहे ना," ते म्हणाले आणि पान उलटलं. मी गुरुवारी सकाळी मारुतीच्या देवळात जाऊन सुंठवडा घेतला, आणि संध्याकाळी मावशींच्या मागोमाग चर्चची पायरी चढले.

नंदाखालचं पवित्र आत्म्याचं चर्च मूळचं सोळाव्या शतकातलं. त्या संध्याकाळी आत जागा नव्हती, अंगणातही खुर्च्या मांडल्या होत्या. मला सगळ्यात आधी जाणवलं ते हे की मला सगळं कळतंय. प्रार्थना, वाचन, गायनमंडळाची गाणी, फादरांचं प्रवचन, सगळं मराठीत. आणि शुद्ध, स्वच्छ, आपण शाळेत शिकलो तशा मराठीत. का कोण जाणे, चर्च म्हटलं की इंग्रजी असणार, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. काकांच्या लहानपणी इथली मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, लॅटिनमध्ये व्हायची. १९६०च्या दशकात व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने लोकभाषेला वाट करून दिली, तेव्हा वसईने मराठी घेतली. 'सुबोध बायबल' लिहिणारे आणि २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच नंदाखालचे. मी त्यांचे लेख वाचले होते. ही भाषा त्यांना कुठे मिळाली, ते त्या संध्याकाळी त्या बाकावर बसल्यावर कळलं.

भाषा कळत होती, पण अंगाला काहीच कळत नव्हतं. कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे, कधी बसायचं, याची माझी सतत तारांबळ. नात माझ्या शेजारी. ती तोंडाने काही सांगत नव्हती, फक्त माझी ओढणी खाली खेचायची किंवा वर. देवळात आपण येतो, हात जोडतो, प्रदक्षिणा घालतो, आणि प्रत्येक जण आपापल्या वेळेचा मालक असतो. इथे शेकडो माणसं एकदम उठत होती, एकदम बसत होती. पहिल्या तासात मला त्याचं दडपण आलं. मग हळूहळू त्यात एक आधार वाटू लागला.

गौरवगीताला घंटा वाजल्या, आतल्या छोट्या आणि वर मनोऱ्यातल्या मोठ्या, सगळ्या एकदम, खूप वेळ. गीत संपलं आणि घंटा थांबल्या. काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आता शनिवारी रात्रीपर्यंत नाहीत." नंतर जिथे जिथे घंटी वाजायला हवी होती, तिथे एक मुलगा लाकडावर लाकूड आपटत होता. खट, खट. तो कोरडा आवाज मला आजही आठवतो.

मग बारा माणसं पुढे येऊन बसली. त्यांत दोन बायका होत्या, एक शाळेत शिपाई असलेले आजोबा होते, आणि केळीच्या वाडीवर कामाला येणारा एक तरुण. फादरांनी अंगावरचं वरचं वस्त्र काढलं, कमरेला पंचा बांधला, आणि एकेकापुढे वाकून पाय धुतले. पाणी तांब्याने घालत होते, खाली परात. पाय पुसून फादर त्या पायांचं चुंबन घेत होते. त्या वाडीवरच्या तरुणाच्या टाचांना भेगा होत्या, आणि आपला पाय कुणी हातात घेतोय हे त्याला सोसवत नव्हतं. तो सारखा पाय आखडून घेत होता. फादरांनी घाई केली नाही. पाय सैल होईपर्यंत ते तसेच वाकून थांबले.

शेवटी पवित्र साक्रामेंत, म्हणजे अभिमंत्रित प्रसाद, बाजूच्या वेदीवर नेऊन ठेवला आणि मुख्य वेदीवरचं सगळं काढायला सुरुवात झाली. फुलं गेली, मेणबत्त्या गेल्या, कापड गेलं. उघडा दगड राहिला. आणि लोक उठून निघाले. ना आशीर्वाद, ना शेवटचं गीत. मला वाटलं माझं काहीतरी ऐकायचं राहिलं. बाहेर आल्यावर मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "संपलं कुठे? अजून चालूच आहे." तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. शुक्रवारची उपासना नमस्काराशिवाय सुरू होते, शनिवारची तिला जोडून. गुरुवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत ही एकच प्रार्थना आहे, मधे माणसं घरी जातात, झोपतात, पेज पितात एवढंच. सुट्टीच्या यादीत तिचा फक्त मधला तुकडा दिसतो.

शुक्रवारी उजाडायच्या आत क्रुसाची वाट. गावातल्या चौदा ठिकाणी थांबत मोठा लाकडी क्रूस नेतात. खांदे बदलत राहतात. आधी तरुण मुलं, मग बायका, मग म्हातारी माणसं. प्रत्येक थांब्यावर येशूच्या शेवटच्या वाटचालीतला एक प्रसंग वाचतात, रस्त्यावरच गुडघे टेकतात, आणि गात गात पुढे निघतात. तो तीनदा पडतो, हे मला माहीत नव्हतं. तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या थांब्यावर. नवव्यापर्यंत माझे गुडघे खडीने सोलवटले होते, आणि माझ्या पुढे सत्तरीच्या एक आजी, लाल चौकड्यांचं लुगडं नेसलेल्या, प्रत्येक थांब्यावर सगळ्यांबरोबर खाली बसत होत्या, आणि उठताना कुणाचाही हात घेत नव्हत्या. सहाव्या थांब्यावर वेरोनिका नावाची बाई गर्दीतून पुढे येऊन येशूचा घामेजलेला चेहरा पुसते. शिपाई भोवती असताना. या गोष्टीत तिचं काम तेवढंच. मला त्या सबंध वाटेवर ती सगळ्यात जवळची वाटली.

घरी परतल्यावर तांदळाची पेज, मीठ आणि आंब्याचं लोणचं. अठरा ते एकोणसाठ वयाच्या निरोगी माणसांना या दिवशी एकदाच पोटभर जेवायची मुभा आहे. काकांचं वय त्याच्या कधीच पुढे गेलेलं, तरी तेही पेजेवरच होते. रेडिओ नाही, टीव्ही नाही. सून केस न विंचरता बसली होती. माझ्या फोनवर सकाळपासून 'हॅपी गुड फ्रायडे'चे फुलाफुलांचे निरोप येत होते. मी फोन वरच्या खोलीत ठेवून आले. घरात कुणी गेल्यावर पहिल्या दिवशी जसं सगळे दबक्या आवाजात बोलतात, तसं ते घर होतं.

दुपारी तीनला चर्च. वेदी कालच्यासारखीच उघडी, आणि साक्रामेंताच्या पेटीचं दार सताड उघडं, आत काही नाही. मला ते दार बघवेना. फादर लाल वस्त्रांत आले, आणि एक शब्द न बोलता वेदीपुढे जमिनीवर पालथे पडले. पूर्ण. दोन्ही हात कपाळाखाली. सगळे गुडघ्यांवर. पंखे तेवढे फिरत होते. या दिवशी जगातल्या कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होत नाही. प्रसाद देतात तोही गुरुवारी अभिमंत्रित करून ठेवलेला.

मग योहानाच्या शुभवर्तमानातलं दुःखसहन. तीन जण वाचत होते, एक जण कथा सांगणारा, एक येशूचे शब्द बोलणारा, एक बाकीच्या पात्रांचे. आणि जमाव? जमाव म्हणजे आपण सगळे. पिलात येशूला लोकांपुढे आणतो, आणि त्याला क्रुसावर चढवायची मागणी आख्खं चर्च एका आवाजात करतं. मावशींनी ती केली. नातीने केली. ज्याच्यासाठी चाळीस दिवस मासे सोडले, त्याच्या मरणाची मागणी स्वतःच्या तोंडाने करायची. मी कीर्तनं ऐकली आहेत, रामलीला बघितली आहे. पण ऐकणाऱ्याला असं बाकावरून उठवून दोषींच्या रांगेत उभं केलेलं मी कुठे पाहिलं नव्हतं. येशू प्राण सोडतो त्या ओळीला वाचन थांबलं आणि सगळे पुन्हा गुडघ्यांवर आले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही.

त्यानंतर ओळीने दहा प्रार्थना. चर्चसाठी, पोपसाठी, ज्यू लोकांसाठी, राज्यकर्त्यांसाठी, आजारी, तुरुंगातल्या आणि प्रवासातल्या लोकांसाठी. प्रत्येकीनंतर थोडी शांतता. त्यातली एक आली ती ख्रिस्तावर विश्वास नसलेल्यांसाठी. माझे कान टवकारले. म्हणजे माझ्यासाठी. मी जरा सावरून बसले, आता आपल्याबद्दल काय मागणं होणार या शंकेने. मागणं एवढंच होतं, की हे लोक देवापुढे खऱ्या मनाने चालत राहोत आणि त्यांना सत्य सापडो. आपल्यासाठी अनोळखी माणसं एवढ्या गंभीरपणे, दर वर्षी, ठरवून काहीतरी मागत असतात आणि आपल्याला त्याचा पत्ताच नसतो. त्यातल्या 'सत्य' या शब्दाच्या पोटात त्यांचं सत्य आहे, माझं नाही, हे मला कळत होतं. तरीही मी त्या शांततेत मनापासून हात जोडले, आणि मागितलं ते त्यांच्यासाठी.

शेवटी क्रुसाचं वंदन. लांबच लांब रांग. काही जण चुंबन घेत होते, बरेच जण करोनानंतर नुसते पाय स्पर्शून कपाळ टेकत होते. मावशी आधीच म्हणाल्या होत्या, "प्रसाद आमचा आम्हालाच असतो, तू जागेवर बस. पण क्रुसाला कुणीही जावं." मी गेले. येशूच्या लाकडी पायांवरचा रंग त्या एका जागी उडून गेलेला होता, आणि खालचं लाकूड गुळगुळीत झालं होतं. मी आपल्या सवयीने उजव्या हाताने पाय शिवून हात कपाळाला लावला. माझ्या पुढच्या बाईनेही अगदी तसंच केलं होतं.

शनिवारी चर्चमध्ये दिवसभर काही नसतं, आणि स्वयंपाकघरात सगळं असतं. इंद्याल आदल्या दिवशीच करून ठेवायचं, कारण शिरक्यात, लाल मिरचीत आणि लसणात डुकराचं मांस रात्रभर मुरलं की त्याची चव खुलते. मी शाकाहारी नाही, पण डुकराचं मांस कधी खाल्लं नव्हतं. त्या वासाच्या घरात फार लुडबुड नको म्हणून वहिनींनी मला नातीबरोबर वसईच्या किल्ल्यावर पिटाळलं.

किल्ल्यात पोर्तुगीजांच्या चर्चांचे सांगाडे उभे आहेत. छपरं गेलेली, कमानींवर पिंपळ चढलेला. नातीला तिथे एक गोष्ट सांगायची घाई झाली होती. गोन्सालो गार्सिया. १५५७च्या सुमारास वसईत जन्मलेला मुलगा, इथल्याच जेझुइटांकडे शिकला, फ्रान्सिस्कन ब्रदर झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला त्याला क्रुसावर चढवून भाल्याने मारलं. १८६२ मध्ये पोपनी त्याला संत जाहीर केलं. भारतातला पहिला संत. किल्ल्यातलं त्याच्या नावाचं चर्च दुरुस्त होऊन वापरात आहे. आदल्या दिवशी तो क्रूस पाहिलेला होता, त्यामुळे वसईच्या एका पोराला हजारो मैलांवर तेच मरण आलं हे ऐकताना मला ते इतिहासातलं वाटेना.

आणि मग घंटेचा विषय निघाला. नाशकात गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर एक प्रचंड घंटा आहे, १७२१ सालची. मी तिच्याखालून शाळेत गेले आहे. ती वसईची, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी हा किल्ला घेतल्यावर आलेली, हे आम्हाला पाठ होतं. विजयाची खूण म्हणून पाठ होतं. भीमाशंकरलाही वसईचीच घंटा आहे. ज्या मनोऱ्यातून अशी एखादी उतरवली असेल, तशा मनोऱ्याखाली मी उभी होते, आणि दिवस होता सगळ्या घंटा गप्प असण्याचा. नातीला सांगितलं तर तिने विचारलं, "अजून वाजते?" म्हटलं, हो, वाजते. "मग ठीक आहे," ती म्हणाली आणि तटाच्या पायऱ्या चढायला पळाली. मला मात्र ते तेवढं सहज पुढे ढकलता आलं नाही. चिमाजी अप्पांबद्दलचा आदर जिथे आहे तिथेच आहे. पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि त्या बाजूची माणसं मला वरचा मजला भाड्याने देऊन पेज वाढतात, हे आता मी विसरू शकत नाही. पोर्तुगीजांनी इथल्या देवळांचं काय केलं तेही काका स्वतःच सांगतात, कुणी विचारायच्या आधी.

रात्री चर्चच्या अंगणात सगळे दिवे बंद. पौर्णिमा होऊन दोनच रात्री झालेल्या, चंद्र उशिरा वर येत होता. मध्ये शेकोटी पेटली. फादरांनी माणसाच्या उंचीची मेणबत्ती हातात घेतली आणि तिच्यावर टोकदार सळीने क्रूस कोरला, वर आणि खाली ग्रीक मुळाक्षरांतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर, आणि चार कोपऱ्यांत त्या वर्षाचे चार आकडे. मग उदाचे पाच खडे तिच्यात खोवले, पाच जखमांसाठी. चालू साल देवापुढे असं मेणात कोरायचं, ही गोष्ट मला फार आवडली. आमच्या शाखेत आठवड्यापूर्वीच वर्षअखेर झाली होती. त्या आकड्यांशी माझी ओळख फक्त ताळेबंदातली.

अंधाऱ्या चर्चमध्ये ती एकच ज्योत आत गेली आणि तिच्यावरून हातोहात शेकडो मेणबत्त्या पेटत गेल्या. माझी पेटवली ती ओळखदेख नसलेल्या एका माणसाने. मग त्या मेणबत्तीचं लांबलचक स्तुतिगान. त्यात मेण तयार करणाऱ्या मधमाश्यांचीही आठवण ठेवलेली. मग वाचनं, अगदी जगाच्या उत्पत्तीपासून, अब्राहाम, तांबडा समुद्र, संदेष्टे. नात माझ्या मांडीवर झोपली. तिच्या केसांना मेणबत्तीची धग लागू नये म्हणून मी हात लांब धरून बसले होते, आणि खांदा अवघडला होता, तेवढ्यात गौरवगीत सुरू झालं आणि सगळे दिवे लागले. घंटा वाजल्या. आतल्या, बाहेरच्या, सगळ्या. नात दचकून उठली आणि हसायला लागली. मावशी रडत होत्या. मीही. दोन दिवस त्या खटखटीने वाळून गेलेल्या कानांना तो आवाज काय वाटला ते ज्याने गुरुवारपासून ऐकलंय त्यालाच कळेल.

रविवार सोपा होता. पहाटे चारला वहिनींनी आंबवून ठेवलेलं पीठ फेटलं: मैदा, अंडी, नारळाचं दूध, साखर, यीस्ट. पूर्वी यीस्टच्या जागी ताडी असायची. हाताचा पंजा पाण्यात बुडवून मूठभर पीठ घ्यायचं, मूठ आवळायची, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधून वर येणारा गोळा दुसऱ्या हाताच्या ओल्या बोटांनी तोडून तेलात सोडायचा. तो आपोआप उलटतो, फुगतो. म्हणून फुगे. माझ्या हातून निघालेल्यांना शेपट्या होत्या. त्या खास कुरकुरीत लागतात म्हणून मुलांनी त्याच आधी संपवल्या. काका एकटेच फुलं घेऊन चर्चमागच्या दफनभूमीत आईवडिलांकडे जाऊन आले. नायगावहून मावशींची मुलगी, जावई, त्यांची मुलं आली. काजूच्या मर्झिपानची अंडी, मुलांच्या हातात चॉकलेट. काकांच्या पेल्यात चाळीस दिवसांनी काहीतरी. मी इंद्याल खाल्लं, आणि पुन्हा वाढून घेतलं.

चार वाजता दोन गाड्या भरून राजोडीच्या किनाऱ्यावर. सुरूच्या बनात चटया, रस्सीखेच, क्रिकेट. मग हाऊजी. जावई आकडे पुकारत होते आणि मावशी, एरवी एवढ्या शांत, पहिली ओळ लागल्यावर चटईवर उभ्या राहून ओरडल्या. ज्या आजी शुक्रवारी खडीवर चौदा वेळा गुडघे टेकत होत्या, त्या पाण्यात घोट्यापर्यंत उभ्या राहून नातवंडांवर पाणी उडवत होत्या. शुक्रवार पाहिला नसता तर मला ही एक नेहमीची सहल वाटली असती.

सोमवारी बँक. अलिबागवाले उन्हाने रापून आले होते.

पुढच्या वर्षाचं कालनिर्णय आलं तेव्हा काकांनी ते आधी मला दाखवलं. मध्ये अधिक श्रावण येऊन गेल्यामुळे ईस्टरची पौर्णिमा आता चैत्राची नव्हती, होळीची होती. ईस्टर ३१ मार्चला. बँकेतल्या माणसाला याहून वाईट तारीख नाही. त्यात तो रविवार असूनही सरकारी व्यवहारांसाठी शाखा उघड्या ठेवायचा रिझर्व्ह बँकेचा आदेश निघाला. मी गुरुवार केला, शुक्रवार केला, शनिवारी मध्यरात्रीपर्यंत घंटा ऐकल्या, आणि सकाळी शाखेत हजर झाले. दुपारी काका स्कूटरवरून डबा घेऊन आले. एका पुडक्यात फुगे, एका डब्यात चिकन, कारण शाखेत कोण काय खातं ते मावशींनी मला आधीच विचारून ठेवलं होतं. व्हाउचरांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून सगळ्यांनी खाल्लं. साहेबांनी तिसरा फुगा उचलता उचलता विचारलं, पुढच्या वर्षी गुड फ्रायडेला मी आलो तर चालेल का तुझ्या मावशींना. म्हटलं, चालेल, १८ एप्रिलला आहे. पण शुक्रवारी येऊ नका, गुरुवारी संध्याकाळी या.